हवेत हलवायचा रिमोट

६ जानेवारी

ताई, नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही. 'झुळूक'च्या इंटरनेटवरच्या पानावर अगदी खाली तुम्ही लिहिलंय, "अडलं तर मला लिहा. लाजू नका, सुरुवातीला मीही रडले होते." ते वाचून धीर आला.

मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. डॉक्टरांचं अक्षर लावायची सवय आहे, त्यामुळे मला काहीही वाचता येतं असा माझा समज होता. कॉम्प्युटरमधली ती काळी खिडकी उघडली आणि समज गेला.

आधी आमच्या बाबांबद्दल सांगते. बाबा पेंटर. चित्रांचे नव्हेत, पाट्यांचे. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या पाट्या. सगळे त्यांना पेंटर म्हणतात, आईसुद्धा पेंटरच म्हणायची. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात खांद्यापासून उचलतो, मूठही वळते, पण बारीक वस्तू बोटांत टिकत नाही. ब्रश गळून पडतो. आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरलाय, "बरं". जेवण वाढलं, बरं. दार आपटलं, बरं. परवा मांडीवर गरम चहा सांडला, तेव्हाही "बरं!" कोणतं बरं कशाचं, हे ओळखण्यात माझी संध्याकाळ जाते.

शेजारच्या काकूंनी माळा आवरताना एक जुना खेळाचा रिमोट दिला. हातात धरून हवेत हलवला की पडद्यावर बाण हलतो म्हणे. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ब्रश धरता येत नाही तर नाही, हवेत हात फिरवून अक्षरं काढता येतील की! आमचा कॉम्प्युटर जुना आहे. दुरुस्तीवाल्याने त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घातलं. म्हणाला, "हे फुकट आहे, सगळ्यांसाठी खुलं आहे, आणि या म्हाताऱ्याला हेच झेपेल." मी बाबांकडे बघितलं, तर तो कॉम्प्युटरबद्दल बोलत होता. रिमोट चालेल का विचारलं, तर म्हणाला, "झुळूक घ्या." मी उठून खिडकी उघडली. तर ते तुमच्या प्रोग्रॅमचं नाव निघालं.

आता अडचण. तुम्ही सांगितलेली ओळ मी काळ्या खिडकीत लिहिली. तिने पासवर्ड मागितला. मी कळा दाबते, पण एक अक्षर उमटत नाही. ठिपके नाहीत, चांदण्या नाहीत, काही नाही. कीबोर्ड बिघडला म्हणून उलटा करून झटकला. बिस्किटांचा चुरा पडला, पासवर्ड काही पडला नाही.

काय करू?

पेंटरांची मुलगी


९ जानेवारी

नमस्कार.

पत्र मिळालं. पासवर्ड दिसत नाही, हे खरं आहे. इथेही दिसत नाही. इथेही कीबोर्ड झटकून झाला. शेवटी न बघताच लिहून एंटर दाबलं आणि ते पुढे गेलं. बहुतेक ते असंच असावं, मागे उभ्या माणसाला मोजतासुद्धा येऊ नये म्हणून. तुम्हीही तसंच करून पाहा.

त्यानंतर रिमोटवरची १ आणि २ ही दोन बटणं एकदम दाबून धरायची, असं पानावर लिहिलेलं आहे. खालचे दिवे लुकलुकतील. ब्लूटूथ चालू हवं.

जमलं तर कळवा. कसं जमलं तेही सविस्तर कळवा, म्हणजे इथे उपयोग होईल.

झुळूक


१२ जानेवारी

ताई,

जमलं! म्हणजे अर्धं जमलं.

पासवर्ड आंधळ्यासारखा लिहिला. दोन बटणं दाबली तर काहीच नाही. मग लक्षात आलं, सेल उलटे घातले होते. सरळ केले. चार दिवे लुकलुकले, मग एकच उरला, आणि रिमोट बाबांच्या मुठीत थरथरला. बाबा दचकले. मग त्यांनी तो कानाशी नेला, फोनसारखा, आणि म्हणाले, "बरं?" मी इतकी हसले की काकू बघायला आल्या.

पण पडद्यावरचा बाण हलत नाही. वर, खाली, आडवा, सगळं करून झालं. बाबांनी हात फिरवला, मी फिरवला, काकूंनी तर पदर खोचून फिरवला. बाण जागचा हलला तर शपथ. बटण दाबलं की मात्र क्लिक होतं, म्हणजे रिमोट जिवंत आहे.

एक विचारू का? राग मानू नका. 'झुळूक' तुम्हीच बनवलंय ना? मग पत्रात "बहुतेक", "असावं", "पानावर लिहिलेलं आहे" असं का? आमच्या दुकानात मी "बहुतेक ही गोळी असावी" म्हटलं तर मालक मला घरी पाठवतील. मला वाटलं, तुम्ही माझ्या पातळीवर येऊन समजावताय. तसं असेल तर बरंच आहे. पण थोडं वरच्या पातळीवरून सांगितलंत तरी चालेल, मी चढेन.

पेंटरांची मुलगी


२० जानेवारी

नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. तुमचं पत्र वाचून इथला रिमोट काढला, जोडला, आणि काय सांगावं, इथेही बाण ढिम्म! पानावरचं सगळं तीनदा वाचून काढलं. त्यात "पट्टी लावलेली असेलच" एवढं एकच वाक्य आहे. कसली पट्टी, ते काही कळेना.

काल कामाची घाई होती. एका आजींना कवळी द्यायची होती, त्या तीन दिवस पातळ जेवणावर आहेत. मेण मऊ करायला स्पिरिटचा दिवा पेटवला. कॉम्प्युटर त्याच टेबलावर असतो आणि रिमोट डाव्या हातात तसाच राहिला होता. दिवा पेटला आणि पडद्यावरचा बाण टुणकन उडाला! मी इतका घाबरलो की आजींचे खालचे दात मेणात पडले. दिवा विझवला, बाण मेला. पेटवला, पुन्हा उठून बसला. एका ज्योतीवर तो दारुड्यासारखा झुलत होता. शेजारी दुसरी ज्योत लावली, तर शहाण्यासारखा सरळ चालायला लागला.

म्हणजे असं आहे बघा. रिमोटच्या टोकाला एक डोळा आहे. समोर दोन दिवे दिसले की त्यांच्यावरून त्याला कळतं, आपण कुठे रोखलेलो आहोत. आणि ती पट्टी! इथे पडद्याच्या डोक्यावर एक काळी पट्टी चिकटवलेली आहे. तिची वायर मागे लोंबत होती. आजवर मला ती शोभेची वाटायची. वायर जोडली आणि बाण दिव्यांशिवाय चालला. तिच्या दोन्ही टोकांना दिवे आहेत, पण त्यांचा उजेड आपल्याला दिसत नाही, फक्त रिमोटला दिसतो.

तुमच्याकडे पट्टी नसणार. पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मेणबत्ती लावा, वीतभर बाहेर. खिडक्यांचे पडदे नीट बांधून ठेवा, घराला आग नको. बाबांना समोर बसवा.

झुळूक


२२ जानेवारी

नमस्कार. (ताई लिहिलं होतं, खोडलं. का ते पुढे सांगते.)

मेणबत्त्या लावल्या. काकू दारातून डोकावून म्हणाल्या, "वीज गेली का गं? आमच्याकडे आहे." मी म्हटलं, "कॉम्प्युटरला दिसत नाही म्हणून लावल्यात." त्या घरी गेल्या आणि थोड्या वेळाने माझा ताप बघायला परत आल्या.

पण बाण हलला! बाबांनी हात उचलला तसा तो वर गेला. मी कॉम्प्युटरमधली चित्रं काढायची पाटी उघडून दिली, बटण दाबून ठेवायला शिकवलं. त्यांनी रिमोट मुठीत नीट धरला. मग खांद्यापासून हात उचलला आणि 'क' काढला. आधी उभा दांडा, वरून खाली, एका दमात. मग पोट, मग शेपूट, आणि शेवटी डोक्यावरची रेघ. ताई, नाही, कोण असाल ते, तो 'क' असा होता की कुठल्याही दुकानावर लावावा. मला रडू आलं. बाबांनी 'क'कडे बघितलं, "बरं" म्हणाले आणि रिमोट मांडीवर ठेवला. दमले असतील. उद्या 'ख'.

आता माझा गोंधळ. पानावर तुम्ही "रडले होते" आणि पत्रात "घाबरलो". आधी वाटलं, बोट घसरलं. मग तुमची सगळी पत्रं काढून वाचली. एकदाही "करते" नाही आणि "करतो"ही नाही! "झटकून झाला", "वाचून काढलं", "कळवा". इतकं चुकवून लिहायचं म्हणजे पांढरे कपडे घालून चिखलातून चालण्यासारखं आहे. बरं, कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाई कवळ्या का करतात? आणि स्वतःची पट्टी त्यांना शोभेची कशी वाटते?

तुम्ही आहात तरी कोण?

पेंटरांची मुलगी


५ फेब्रुवारी

नमस्कार.

उत्तर नाही. मी जास्तच बोलले असेन तर विसरून जा. तुम्ही कोणीही असा. मला मदत हवी आहे आणि दुसऱ्या कोणाला विचारावं कळत नाही.

'ख' झालाच नाही. मी रोज दुकानातून आल्यावर मेणबत्त्या लावते, पाटी उघडते, बाबांच्या हातात रिमोट देते. ते "बरं" म्हणतात आणि तो उशीखाली सरकवतात. मी काढते, ते पुन्हा सरकवतात. परवा मी जरा जोरात म्हटलं, "बाबा, एवढा खटाटोप तुमच्यासाठीच चाललाय ना?" त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या वेळी "बरं"सुद्धा म्हणाले नाहीत.

रिमोटमध्ये काही बिघाड आहे का? बाण थोडा थरथरतो. पेंटर माणूस, रेघ थरथरली तर अपमान वाटत असेल. थरथर कमी करायची काही सोय आहे का तुमच्या 'झुळूक'मध्ये? की मीच चुकते आहे? पण मग त्यांनी तो 'क' इतका सुंदर का काढला?

मला काहीच कळेनासं झालंय.

पेंटरांची मुलगी


९ फेब्रुवारी

पेंटरांच्या मुलीस,

मी पुरुष आहे. कवळ्या बनवतो, तोच माझा धंदा. 'झुळूक' माझ्या बायकोने लिहिलं. ती गेल्या ऑगस्टमध्ये गेली.

तिच्या ईमेलच्या पत्त्यावर पत्रं येत राहिली. मी ती उघडत नव्हतो. जानेवारीत एक दिवस मन घट्ट केलं आणि पत्ता बंद करायला बसलो. बंद करायचं बटण शोधता शोधता तुमचं पत्र उघडलं गेलं. बिस्किटांच्या चुऱ्यापर्यंत आलो आणि हसलो. कितीतरी महिन्यांनी हसलो. वाटलं, एवढ्या एका पत्राला उत्तर द्यावं आणि मग बंद करावं. पण "ती गेली" असं लिहायचं म्हटलं की बोटं चालेनात. आणि तिच्या नावाने "करते" लिहिणं म्हणजे तिचे कपडे घालून दारात उभं राहण्यासारखं होतं. म्हणून मधलीच वाट धरली. त्या वाटेवर किती चिखल आहे ते मलाच ठाऊक! तुम्ही "कोण" विचारलंत आणि मी पळालो. ते बरोबर केलं नाही.

मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. तुम्हाला जे सांगितलं, ते आदल्या दिवशी इथे करून बघितलेलं होतं, बस. त्यामुळे थरथर कमी करायची सोय आहे की नाही, मला माहीत नाही. पण तुमच्या बाबांबद्दल एक शंका आहे. चुकीची असेल तर सोडून द्या.

आमच्याकडे हा रिमोट आला कशासाठी, ते सांगतो. मी दिवसभर स्टुलावर बसून काम करणारा, पोट सुटलेलं. हिने टेनिसचा खेळ आणला. आमच्या लिनक्सवर रिमोट चालेना, तर पठ्ठीने चालवायचं सगळं स्वतः लिहिलं. मग कुणी कुणी मागितलं, तर तिने ते सगळ्यांना देऊन टाकलं. लोकांनी त्याचं काय काय केलं, कोणी शाळेत वापरलं, कोणी आणखी कशात. पण तिने ते केलं खेळण्यासाठी. रोज संध्याकाळी ती मला हरवायची आणि वर विचारायची, "दात देऊ का काढून?"

आता समजा, उद्या मी आजारी पडलो आणि घरच्यांनी प्रेमाने माझ्यापुढे कवळ्यांचं मेण आणून ठेवलं, म्हणाले, "घ्या, तुमचा आवडता धंदा!" तर मीही भिंतीकडे तोंड करीन.

त्यांना विचारून बघा, खेळायचं आहे का. खेळ तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असेल, 'झुळूक'बरोबरच येतो. चेंडूचं चित्र आहे त्याच्यावर.

कवळीवाला


१२ फेब्रुवारी

कवळीवाले दादा,

आधी रागावून घेते. महिनाभर मी एका बाईला पत्रं लिहिली, मनात तिचा चेहरासुद्धा तयार केला होता. चष्मा होता तिला. आता त्या चेहऱ्याचं काय करू? त्या गेल्या हे वाचून मला रडू आलं. ओळख नसलेल्या माणसासाठी रडायचं की नाही, तेही कळेना. राग येतो, मग तुमचे मेणात पडलेले दात आठवतात, राग जातो, पुन्हा येतो. असं चाललंय. राग संपला की कळवीन.

आता बाबा.

मी चेंडूचं चित्र दाबलं. हिरवं मैदान आलं, जाळी आली, बॅट घेतलेला एक गोल डोक्याचा माणूस आला. मी विचारलं, "बाबा, खेळायचं?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पहिल्यांदाच त्यांच्याशी मराठीत बोलले. उशीखालून रिमोट स्वतः काढला.

पहिले काही चेंडू सुटले. मग एक बसला! बाबांचा हात बघायला हवा होता तुम्ही. शिडीवर उभं राहून दहा फुटी पाटीवर आडवी रेघ ओढायचे, तोच झपाटा. बाबा ओरडले, "बरं!" सगळ्या इमारतीला ऐकू गेलं. काकू काय झालं म्हणून धावत आल्या, दार धाडकन उघडलं, वाऱ्याने डावी मेणबत्ती विझली, बॅट गायब, पॉइंट गेला. बाबांनी वळून काकूंना जे "बरं" म्हटलं ना, ती शुद्ध शिवी होती. काकूंनाही समजली. त्यांनी मुकाट्याने मेणबत्ती पेटवली आणि खुर्ची ओढून बसल्या.

दादा, मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. आयुष्यभर त्यांनी लोकांची नावं रंगवली. घरात कधी चेंडू उचललेला मी बघितला नाही, म्हणून त्यांना आवडत नसेल असं धरून चालले. वेळच नव्हता त्यांना. आता कुठे वेळ मिळाला, तर मी पुन्हा पाट्या रंगवायला बसवलं. तो 'क' त्यांनी माझ्यासाठी काढला असणार, एकदाचा घे म्हणून. मी त्याला सुरुवात समजले.

आता ते कॉम्प्युटरला हरवतात आणि कंटाळतात. समोर माणूस हवा. मी खेळते, पण मी वाईट खेळते आणि काकू नियम मानत नाहीत. तुमच्याकडे दुसरा रिमोट असेलच. या ना. राग शिल्लक असला तर समोरच काढीन.

पेंटरांची मुलगी


३ मार्च

पेंटरांच्या मुलीस,

तुमच्याकडून घरी सुखरूप पोहोचलो. खांदा उचलत नाही. तुमच्या बाबांनी मला सहापैकी सहा वेळा हरवलं, हे मी इथे कोणाला सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. तुम्ही चहा टाकायला गेलात तेव्हा मी मुद्दाम एक चेंडू सोडला, आजारी माणूस आहे म्हणून. त्यांनी खेळ थांबवला, माझ्याकडे रोखून बघितलं आणि तो पॉइंट पुन्हा खेळायला लावला. त्यानंतर मी जीव तोडून खेळलो आणि तरी हरलो.

काळी पट्टी तुमच्याकडे राहू दे. तिथे तिचा उपयोग आहे. काकूंना म्हणावं, मेणबत्त्या आता वीज गेल्यावरच.

खरं सांगतो, तुमच्याकडे येताना रस्ताभर वाटत होतं, हिच्या जागी दुसरं कोणी खेळताना बघवणार नाही. पण खेळताना ते डोक्यातच आलं नाही. परतीच्या बसमध्ये आलं, आणि मग वाटलं, अरे, मी विसरलो होतो! त्याचं वाईट वाटावं की बरं वाटावं, अजून ठरलेलं नाही. बायको असती तर म्हणाली असती, "आधी हरायचं थांबव, मग रड."

घरी आल्यावर तिचा पत्ता उघडला. सगळी साचलेली पत्रं वाचली. तुमच्यासारखी अडलेली माणसं. एकाचा रिमोट जोडला जातो आणि लगेच तुटतो. एक बाई शाळेत शिकवतात, त्यांना एकदम दोन रिमोट लावायचे आहेत. मी दोघांना लिहिलं, "ज्यांना तुम्ही लिहिलंत त्या आता नाहीत. मी त्यांचा नवरा. मला फारसं कळत नाही. तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते लिहा, मी इथे करून बघतो." पहिलं उत्तर चारदा खोडून लिहिलं, दुसरं एकदाच. पत्ता बंद करत नाही. निदान सध्या तरी.

पण एक पत्र राहिलंय. कुणा माणसाचं आहे, डिसेंबरमधलं. त्यात प्रश्न नाही, अडचण नाही. एवढंच आहे, "ताई, काही अडलेलं नाही. सगळं छान चालतंय. आम्ही घरातले सगळे रोज खेळतो. म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो."

सकाळपासून त्यासमोर बसलो आहे. बिघडलेल्याला काय सांगायचं ते मला आता थोडं जमतं. याला काय लिहू? हे तिचं आहे, मी कसं घेऊ? आणि न घेता परत तरी कसं पाठवू?

तुम्हाला काही सुचत असेल तर कळवा.

कवळीवाला